फळझाडे व भाजीपाला यांवरील सूक्ष्मजंतुजन्य रोग

सूक्ष्मजंतू (जिवाणू) वनस्पतीच्या ऊतकांत शिरून वाढल्यामुळे उद्‌भवणारे रोग. सूक्ष्मजंतूंमुळे वनस्पतींना रोग होतो, हे टी. जे. बरिल यांनी १८७८ च्या सुमारास अमेरिकेत नासपतीच्या झाडावरील संशोधनातून दाखविले. महाराष्ट्रात पुणे येथील कृषी महाविद्यालयात म. क. पटेल व त्यांचे सहकारी यांनी १९४० नंतरच्या काळात या शाखेचा पाया घातला.

अनेक कवके पानाची साबूत त्वचा भेदून आत शिरतात; सूक्ष्मजंतूंना ते शक्य नसते. त्वग्रंध्रे, पानांच्या कडांवरील जलरंध्रे व जखमा यांतूनच त्यांचा प्रवेश होतो आणि त्यासाठी पाण्याचा थर लागतो. त्यामुळे वाऱ्यासह येणारा पाऊस, दमट हवा व पाण्याचा निचरा न होणारी जमीन त्यांना पोषक ठरते. कोल्हापूर जिल्ह्यात गगनबावड्यास ५,००० मिमी.हून अधिक, तर पूर्वेकडील शिरोळ तालुक्यात सु. ५०० मिमी. पाऊस पडतो. परंतु भाजीपाल्याचा बराचसा प्रदेश नदीकाठचा व बागायती असल्याने कमी पावसाच्या भागातही धोका राहतो. २००५, २०१९ व २०२१ मधील महापुरांसारख्या प्रसंगी पाण्याबरोबर दूषित माती व रोगट अवशेष एका शेतातून दुसऱ्या शेतात जाऊ शकतात.

ओळख : रोगाचे निदान चुकल्यास औषधाचा खर्च वाया जातो व रोग पसरतो. सूक्ष्मजंतुजन्य ठिपके प्रथम पाणी मुरल्यासारखे व तेलकट दिसतात, पुष्कळदा शिरांनी मर्यादित होऊन कोनाकृती बनतात आणि त्यांभोवती पिवळे वलय असते. कवकांप्रमाणे बुरशीची वाढ त्यांवर दिसत नाही. मर रोगाची परीक्षा शेतातच करता येते. रोपाच्या बुंध्याचा तुकडा कापून काचेच्या पेल्यातील स्वच्छ पाण्यात टोकास धरल्यास काही मिनिटांत दुधाळ धागे खाली उतरतात. असे धागे कवकजन्य मर रोगात दिसत नाहीत.

प्रमुख रोग : (१) टोमॅटो व वांगी यांचा मर रोग राल्स्टोनिया सोलॅनॅसिरम या जातीमुळे होतो. पाने पिवळी न पडता हिरवे झाड एकाएकी कोमेजते. हे सूक्ष्मजंतू जमिनीत दीर्घकाळ टिकतात. (२) कोबी व फुलकोबी यांच्या काळ्या कुजीत पानाच्या कडेपासून आत इंग्रजी ‘व्ही’ आकाराचा पिवळा डाग पडतो व शिरा काळ्या होतात. हा रोग बियांतून पसरतो. (३) मिरची व टोमॅटो यांच्या पानांवर व फळांवर काळपट, किंचित खरबरीत ठिपके पडतात आणि पाने गळतात. (४) कागदी लिंबावरील खैऱ्या रोगात पाने, फांद्या व फळांवर बुचासारखे खडबडीत खवले येतात. नागअळीने केलेल्या जखमांमुळे तो वाढतो. (५) डाळिंबावरील तेल्या रोगाची भारतातील नोंद १९५२ मध्ये दिल्ली येथे झाली. २००२ नंतर त्याने महाराष्ट्रातील बागांचे मोठे नुकसान केले. फळावर तेलकट डाग पडून साल तडकते व फळ विक्रीयोग्य राहत नाही. सोलापूर येथे २००५ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रात या रोगावर संशोधन होते.

नियंत्रण : रोग शरीरात भिनल्यावर झाड बरे करणारा उपाय जवळजवळ नाही, म्हणून प्रतिबंधावर भर द्यावा लागतो. रोगमुक्त बियाणे व कलमे वापरणे ही पहिली पायरी होय. कोबीचे बी ५०° से. तापमानाच्या पाण्यात २५ मिनिटे ठेवून सुकवितात. तापमान वाढल्यास उगवणशक्ती घटते. मर रोगग्रस्त जमिनीत टोमॅटो, वांगी, मिरची व बटाटा ही एकाच कुलातील पिके पाठोपाठ न घेता भात किंवा मका यांचा फेरपालट करतात. बंगलोर येथील संस्थेने विकसित केलेला ‘अर्का रक्षक’ हा टोमॅटोचा संकर या रोगास प्रतिकारक आहे. रोगट झाडे उपटून जाळणे, निचरा सुधारणे व ओल्या पानांवर काम न करणे हेही आवश्यक असते. डाळिंबात पावसाळ्यात फळे वाढणारा मृग बहार टाळतात, रोगट फांद्या डागाखाली छाटतात, छाटणीची कात्री निर्जंतुक करतात व बागेस तीन ते चार महिने विश्रांती देतात.

फवारणीसाठी १ टक्का बोर्डो मिश्रण (मोरचूद १ किग्रॅ., कळीचा चुना १ किग्रॅ. व पाणी १०० लि.) वापरतात. तांबे पानाच्या पृष्ठभागावरील सूक्ष्मजंतू मारते, ऊतकांतील नव्हे. त्यामुळे फवारणी लागण होण्यापूर्वी करणे इष्ट असते. स्ट्रेप्टोमायसीन व टेट्रासायक्लीन या प्रतिजैविकांचा वापर दीर्घकाळ होत आला. परंतु त्यांना न जुमानणारे सूक्ष्मजंतू निर्माण होतात. शिवाय स्ट्रेप्टोमायसीन हे माणसाच्या क्षयरोगावरील औषध असल्याने हा प्रश्न शेतापुरता राहत नाही. या कारणास्तव केंद्र शासनाने २०२१ मध्ये त्यांचा शेतीतील वापर थांबविण्यासाठी आदेशाचा मसुदा प्रसृत केला. साहजिकच स्वच्छ लागवड-सामग्री, फेरपालट व प्रतिकारक वाण यांचे महत्त्व वाढले आहे.