रुप्याच्या जुन्या नाण्यांवरील रंग : स्वाभाविक कीं कृत्रिम ?

रुप्याच्या जुन्या नाण्यावर जांभळी किंवा मोरपिशी झांक असली कीं संग्राहक त्यास अधिक मोल देतात. अर्थात् ती झांक मुद्दाम आणविणारेही निपजले आहेत. हवेंतील गंधकयुक्त वायूमुळें रुप्यावर गंधक व रुपें यांच्या संयुगाचा अत्यंत पातळ थर धरतो. त्याच्या वरच्या व खालच्या पृष्ठांवरून परतणाऱ्या किरणांच्या मिळणीनें रंग दिसतात. थर वाढेल तसा रंग ठराविक क्रमानें पालटतो : प्रथम फिकट पिवळा, मग तांबूस, जांभळा, निळा, पुढें दुसऱ्या फेरींत पुन्हां पिवळा, गुलाबी व हिरवा, अखेर काळा. म्हणून पांढऱ्या रुप्याला लागून, मधल्या पायऱ्या गाळून, एकदम हिरवा पट्टा आढळल्यास शंका घ्यावी.

उकडलेल्या अंड्याबरोबर डबींत कोंडून किंवा गंधकाच्या द्रावणांत बुडवून आणलेला रंगही त्याच संयुगाचा असतो. यास्तव केवळ रासायनिक पृथक्करणानें निकाल लागत नाहीं. रंगाची मांडणी हीच खरी साक्ष होय. तिचें उत्तम उदाहरण अमेरिकेंतील मॉर्गन डॉलरांचें. १८७८ ते १९०४ व पुन्हां १९२१ सालीं पाडलेल्या या डॉलरांपैकीं पुष्कळ नाणीं हजार-हजारांच्या कापडी पिशव्यांत सरकारी तिजोरींत पडून होतीं. १९६० नंतरच्या पहिल्या तीन-चार वर्षांत तीं मोठ्या संख्येनें बाहेर आलीं. पिशवीच्या कापडाला टेकलेल्या बाजूवर रंग चढे, दुसरी पांढरी राही. शेजारचें नाणें जेथें आड आलें तेथें चंद्रकोरीसारखी स्वच्छ रेषा उठे, क्वचित् कापडाची वीणही. उठावाच्या अक्षरांच्या पायथ्याशीं कापड पोंचत नसल्यानें तेथें रंग मागील पायरीवर उतरतो. द्रावणाचा रंग उलट खोलगट जागीं सांचतो, अगर ओघळतो.

हा दाखला आमच्या रुपयांस सरसकट लावूं नये. मोगल व मराठी रुपयांचे पुष्कळ साठे मडक्यांत पुरलेले सांपडतात. मातींतील क्षारांनीं त्यांवर करडें पुट बसतें, तांब्याचें भांडें असल्यास हिरवें कीट; आणि मग सराफ किंवा मालक तीं चिंचेनें अथवा आम्लानें लख्ख करतो. अशा नाण्यावरील इंद्रधनुष्यी रंग स्वाभाविक असला तरी तो धुतल्यानंतरचा, पेशवाईचा नव्हे!

राणीछाप रुपयांविषयीं अधिक सावध असावें. गळ्यांतील माळेंत ओंवण्यासाठीं त्यांस वरच्या कडेला कडी डाखीत. ती काढून, डाखाचा डाग झांकण्यास नेमका तेथेंच गडद रंग दिलेला असतो. कांठ भिंगाखालीं फिरवून पाहिल्यास त्यावरील रेघा तेवढ्याच जागीं बुजलेल्या दिसतात. रंग उतरवून खात्री करण्याचा मोह मात्र आवरावा. थरांतील रुपें नाण्याचेंच असतें. त्यामुळें प्रत्येक धुण्यासरशी अक्षरांची धार झिजते.