चौकटीत कोण, चौकटीबाहेर कोण?

पावसाळ्यात मुळशीच्या जलाशयाची छायाचित्रे घ्यावयास पुण्याहून पुष्कळ हौशी मंडळी येतात. ढग, डोंगर, पाणी. चित्र सुंदर उतरते. परंतु रचना म्हणजे निवड. क्षितिजाची रेघ चौकटीच्या खालच्या तिसऱ्या हिश्शावर घेतली, की दोन हिस्से आभाळच मिळते. ती वर नेली, तर अलीकडे भाताची लावणी करणाऱ्या बायांना जागा होते. भिंगाचे छिद्र लहान ठेवले, तर जवळच्या बाया व दूरचा डोंगर दोन्ही स्पष्ट येतात. मात्र प्रकाश कमी शिरतो, झडप अधिक वेळ उघडी ठेवावी लागते आणि राबता हात थोडा पुसट उमटतो. त्याला दोष मानू नये.

कारखान्यात यंत्राचा फोटो निघतो, ते चालवणारा बाहेर राहतो. तीच गत येथे. या धरणाविरुद्ध मावळ्यांनी १९२१ साली सत्याग्रह केला. याच लढ्यामुळे पांडुरंग महादेव बापट 'सेनापती' झाले. पाण्याखाली गेलेली गावे कॅमेऱ्याला दिसत नाहीत; काठावरची माणसे दिसतात.

म्हणून कॅमेरा रोखण्यापूर्वी माणसाला विचारावे. दुसऱ्याच्या चित्रावर बोलताना कॅमेऱ्याची किंमत काढू नये. चौकटीतून कोण वगळले, ते आपुलकीने विचारावे.