चेक इंजिनचा दिवा लागला? आधी कोड वाचा, मग पार्ट बदला

नाशिकहून सिन्नरला येताना मोहदरी घाटात गाडी झटके खाते आणि मीटरवर इंजिनच्या आकाराचा पिवळा दिवा लागतो. ‘सेन्सर गेलाय’ एवढं ऐकून गॅरेजमध्ये हजारो रुपये मोजलेले आणि आठवड्यात तोच दिवा पुन्हा पाहणारे आमच्या ओळखीत कमी नाहीत. आम्ही मिस्त्री नाही, शाळेत शिकवतो. पण तपासणीचा पहिला भाग घरच्या घरी होतो, हे सांगायलाच हवं.

दिवा लुकलुकत असेल तर गाडी बाजूला घ्या. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो जाळतं, आणि तो फार महाग पार्ट आहे. ऑइलचा लाल दिवा लागला तर इंजिन लगेच बंद करा. पिवळा दिवा स्थिर असेल तर सावकाश घरी येता येतं.

2013 नंतरच्या बहुतेक गाड्यांत स्टिअरिंगखाली, गुडघ्याजवळ 16 पिनांचं सॉकेट असतं. त्याला ओबीडी पोर्ट म्हणतात. त्यात बसणारा ब्लूटूथ स्कॅनर ऑनलाइन साधारण हजार रुपयांच्या आत मिळतो. मोहल्ल्यात चार घरांनी मिळून एक घेतला तरी पुरतो. चावी ऑन करा, मोबाइल जोडा, अ‍ॅपमध्ये कोड दिसेल. तो आधी वहीत लिहा. पुसायची घाई नको, कारण कोडसोबत त्या क्षणाचा वेग, तापमान वगैरे नोंदही पुसली जाते.

आता खरी गोम. कोड म्हणजे तक्रार, निदान नव्हे. पी 0171 म्हणजे मिश्रणात हवा जास्त, इंधन कमी. ही खबर ऑक्सिजन सेन्सर देतो, म्हणून बरेचजण आधी तोच बदलतात. पोरगा नापास झाला म्हणून पेपर तपासणारा मास्तर बदलावा, तसं हे! व्हॅक्यूमचा पाइप चिरलाय का, क्लिप सैल आहे का, हे आधी पाहा.

पी 0302 म्हणजे दोन नंबरच्या सिलिंडरमध्ये नीट स्पार्क-ज्वलन होत नाही. प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल असेल तर एक फुकटची परीक्षा आहे. इंजिन पूर्ण थंड, चावी बंद. कनेक्टरचं लॉक दाबून काढा, वायर ओढू नका. एक आणि दोन नंबरच्या कॉइलची अदलाबदल करा, कोड पुसा, थोडी चालवा. आता पी 0301 आला तर कॉइलच खराब. पी 0302 कायम राहिला तर हाच प्रयोग प्लगवर करा. तरीही तोच कोड असेल तर इंजेक्टर किंवा कॉम्प्रेशन, म्हणजे काम मिस्त्रीचं.

आपल्याकडे सीएनजीच्या गाड्या पुष्कळ. सीएनजी पेटवायला स्पार्क जोरदार लागतो, त्यामुळे झिजलेला प्लग पेट्रोलवर निभावतो आणि गॅसवर चुकतो. झटके दोन्हीवर येतात की फक्त गॅसवर, हे जरूर पाहा. गॅसच्या पाइपला किंवा रेग्युलेटरला मात्र घरी हात लावू नये. बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवून तपासणीही नको, धूर जीवघेणा असतो.

गाडी वॉरंटीत असेल तर काही न उघडता कोड लिहून सर्व्हिस सेंटरला न्या. बाकीच्यांनी मिस्त्रीभाईंना कोडचा कागद दाखवावा आणि बदललेला जुना पार्ट मागून घ्यावा.