पानावरचा मावा, मातीतलं नुकसान

गव्हाच्या कोवळ्या रोपावर मावा दिसला की शेतकरी पानं बघतो. खरं तर रोप हलक्या हाताने उपटून मुळं बघायला हवीत.

मावा पान कुरतडत नाही. सुईसारखी सोंड तो थेट रसवाहिनीत खुपसतो. पानात तयार झालेली साखर याच वाहिनीतून मुळांकडे जाते. बियाण्यातला साठा संपल्यावर मुळांना दुसरा आधार नसतो, आणि नेमका त्याच वेळी वाटेतला रस मावा पितो. त्याला खरी गरज असते नत्राची. रसात ते थोडंच असतं, म्हणून तो भरमसाट रस ओढतो आणि उरलेली साखर चिकट थेंबांनी बाहेर टाकतो. ज्वारीवर दिसणारा चिकटा तो हाच.

लुबाडणूक एवढ्यावर थांबत नाही. काही जातींची लाळ पेशींना विषारी असते. १९८६ मध्ये अमेरिकेत टेक्सासमध्ये आढळलेला रशियन गहू-मावा पानांवर पांढरे पट्टे उमटवतो, पानं गुंडाळतो. निदान तो ओळखता तरी येतो. ओट-मावा जास्त फसवा. त्याने पान बरेचदा हिरवंच राहतं, पण मुळं आखूड आणि वजनाला हलकी होतात. शिवाय तो बार्लीचा पीतखुजा विषाणूही पसरवतो, आणि त्या रोगातही मुळं खुंटतात.

आपल्याकडे गव्हाला पेरणीनंतर १८ ते २१ दिवसांनी, मुकुटमुळं फुटताना, पहिलं पाणी देतात. मुळंच तोकडी असतील तर ते पाणी आणि खत घेणार कोण? युरियाचा हात मात्र सैल सोडू नये. लुसलुशीत पानांवर मावा आणखी फोफावतो.