११०० दाखवणारा अ‍ॅथलॉन

सुरत स्टेशनाकडून दक्षिणेला उधना ओलांडलं की पांडेसरा लागतं. जीआयडीसीत डाइंग-प्रिंटिंगच्या मिली आणि त्यांच्या बॉयलरच्या चिमण्या. भोवतालच्या वस्त्यांत जळगाव, धुळे, नंदुरबारकडून आलेली कुटुंबं. उधना-जळगाव रेल्वेने खान्देशातल्या कित्येक पिढ्या इथे आणून सोडल्या. भाजीच्या हातगाडीपाशी अजूनही अहिराणी ऐकू येते. कामगार वस्तीतल्या अशा घरात वीसेक वर्षांपूर्वी संगणक आला, तर तो बहुधा कंपनीचा नसे, असेंबल केलेला असे. मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो की सुरतचा बाजार, हिशेब एकच: बोर्ड एकाचा, प्रोसेसर दुसऱ्याचा, रॅम तिसऱ्याची, कॅबिनेट मिळेल ते.

यात पैसे वाचत. पण प्रत्येक भागाची हमी वेगळी असे, आणि सगळे भाग मिळून नीट चालतील याची हमी कोणाचीच नसे. म्हणूनच ‘प्रोसेसरचा स्पीड कमी दाखवतो’ ही तक्रार घेऊन जायचं कुठे, हा प्रश्न असेंबल्ड मशीनच्या मालकाला कायम पडत आला. आजही एखादं तसं मशीन टेबलावर येतं, कारण त्याच्या पॅरलल पोर्टवर जुन्या सॉफ्टवेअरचा डोंगल (परवान्याची किल्ली) अडकलेला असतो, किंवा कारखान्यातल्या एखाद्या यंत्राचं कार्ड त्याच्याच जुन्या खाचेत बसतं. नवा संगणक घेणं हा त्यावरचा उपाय नसतो.

उदाहरण घ्यायचं तर एएमडीचा अ‍ॅथलॉन एक्सपी २५००+. फेब्रुवारी २००३मध्ये आलेला, ‘बार्टन’ गाभ्याचा, त्या काळच्या हौशी जुळणीकारांचा लाडका. नावातला २५०० हा मेगाहर्ट्‌झचा आकडा नव्हे. एएमडीने ऑक्टोबर २००१पासून अ‍ॅथलॉनच्या नावात कामगिरीची तुलना सांगणारे आकडे घालायला सुरुवात केली होती. हा प्रोसेसर प्रत्यक्षात चालतो १८३३ मेगाहर्ट्‌झवर. पण मशीन सुरू करावं तर पडद्यावर कधी ११०० दिसतात, कधी १४६७. मालकाला वाटतं, दुकानदाराने हलका माल गळ्यात मारला. संशय अगदीच निराधार नाही, कारण अ‍ॅथलॉन एक्सपी १७००+ नेमका १४६७ वरच चालत असे. खात्री करायची तर आकडा सोडून कॅशे बघावी. बार्टनची दुसऱ्या पातळीवरची कॅशे ५१२ केबी, १७००+ ची २५६. फ्रान्सच्या फ्रांक देलात्र यांचं छोटंसं सीपीयू-झेड सॉफ्टवेअर हे क्षणात दाखवतं. ५१२ दिसले की दुकानदार सुटला, आणि खरा तपास सुरू झाला.

आकड्यांतच उत्तर लपलेलं आहे. अकरा गुणिले शंभर म्हणजे ११००. अकरा गुणिले सव्वाशेच्या थोडं वर, १३३⅓, म्हणजे १४६७. अकरा गुणिले १६६⅔ म्हणजे १८३३. अकराचा गुणक प्रोसेसरच्या पोटात आहे; गुण्य मात्र बोर्ड पुरवतो. वेग एकट्या प्रोसेसरचा नसतोच. बोर्ड ठोका देतो आणि प्रोसेसर प्रत्येक ठोक्यामागे अकरा पावलं टाकतो. ठोकाच संथ पडला तर चालणाऱ्याचा काय दोष?

हा ठोका येतो कुठून, हा या यंत्रातला सगळ्यात विलोभनीय भाग. बोर्डावर पत्र्याच्या चकचकीत डबीत क्वार्ट्‌झचा एक स्फटिक असतो, १४.३१८ मेगाहर्ट्‌झचा. हा विचित्र आकडा अमेरिकन रंगीत टीव्हीच्या रंगसंकेताच्या वारंवारतेची चौपट आहे. १९८१च्या आयबीएम पीसीत तोच बसवला होता. त्याला तिनाने भागून त्या पीसीचा प्रोसेसर ४.७७ मेगाहर्ट्‌झवर धावायचा. बावीस वर्षांनी बार्टन आला तेव्हाही बोर्डावर स्फटिक तोच. शेजारची क्लॉक जनरेटरची चिप त्याच्यावरून १००, १३३ किंवा १६६ घडवते. गंमत पुढे आहे: पीसीतला जुना टायमर याच १४.३१८ला बाराने भागून चालतो, आणि वेग मोजणारं सॉफ्टवेअर त्याच्या आधाराने मोजत असेल तर मोजणारा आणि मोजला जाणारा दोघे एकाच स्फटिकाचे आश्रित ठरतात. तो स्फटिकच सरकला तर पडद्यावरच्या आकड्यात काहीच फरक दिसणार नाही. साक्षीला उरतो फक्त ३२,७६८ हर्ट्‌झचा दुसरा, चिमुकला स्फटिक, जो तारीख-वेळ सांभाळतो आणि मशीन बंद असतानाही सेलवर चालू राहतो.

बहुतेक वेळा गुन्हेगार हा सेलच असतो. सीआर२०३२, तीन व्होल्टचा, नाण्याएवढा. तो उतरला की बायोसच्या सेटिंग्ज पुसल्या जातात, पडद्यावर ‘सीमॉस चेकसम एरर’ उमटतं, आणि त्या काळचे बरेच बोर्ड सुरक्षित म्हणून १०० मेगाहर्ट्‌झवर येऊन बसतात. तारीखही मागे गेलेली असते, ती बघायला कोणी विसरू नये. सेल बदलायचा, बायोसमध्ये एफएसबी, म्हणजे बोर्डाचा हा ठोका, १६६ करायचा, काही बोर्डांवर त्यासाठीचा जंपर हलवायचा; १८३३ परत.

पण बोर्डालाच १६६ झेपत नसेल तर? व्हायाच्या केटी२६६ए चिपसेटचे बोर्ड १३३साठी बनले होते. त्यांच्यावर पीसीआय या जोडकार्डांच्या मार्गिकेचा वेग मुख्य ठोक्याला चाराने भागून काढतात. १३३चे चार भाग केले की ३३, म्हणजे बरोबर. जबरदस्तीने १६६ केला तर पीसीआय ४१च्या वर जातो, आणि त्या ताणात हार्ड डिस्कवरच्या फायली बिघडू शकतात. आकडा सुधारला आणि वीस वर्षांच्या फायली गेल्या, असला सौदा कोणी करू नये. अशा बोर्डावर १४६७ हाच प्रामाणिक आकडा.

कधी बोर्ड नव्हे, प्रोसेसरच आपला वेग उतरवतो. इंटेलच्या कोअर टू ड्युओ ई७४०० चा वेग २.८ गिगाहर्ट्‌झ, पण रिकामा बसला असताना तो मुद्दाम १.६ वर उतरतो. तिथे बिघाड काहीच नाही. काम दिलं की चढतो. पेंटियम ४ची तऱ्हा आणखी निराळी. तापला की तो ठोके मधूनमधून गाळतो, त्यामुळे पडद्यावरचा आकडा पूर्ण आणि मशीन मात्र रखडतं. २००१मध्ये टॉम्स हार्डवेअरने चालू मशीनचे हीटसिंक काढून चित्रफीत दाखवली होती. पेंटियम ४ मंदावून तगला, एएमडीचे प्रोसेसर जळाले.

आणि तापणं म्हटलं की पांडेसऱ्याची अडचण सुरू होते. मिलच्या परिसरात कापडाची बारीक लव हवेत असते, बॉयलरच्या कोळशाची राखही. हीटसिंकच्या पात्यांत दोन्ही मिळून नमद्यासारखा थर बसवतात. वरून पंखा फिरताना दिसतो, खाली हवा पोचतच नाही. ब्रश, ब्लोअर, जुनी वाळलेली पेस्ट पुसून नवी लावणं, इतकं केलं की पेंटियम ४ पुन्हा धावतो.

त्याहून अवघड दुखणं कॅपॅसिटरचं. २०००च्या दशकाच्या सुरुवातीच्या कित्येक बोर्डांवर सदोष इलेक्ट्रोलाइटचे कॅपॅसिटर बसले होते. डोकं फुगतं, तपकिरी डाग येतो, प्रोसेसरला मिळणारा विद्युतदाब डळमळू लागतो. असा बोर्ड १६६ वर गोठतो आणि १०० वर दिवसभर चालतो. म्हणजे समोर आलेला ११०० हा आकडा आधीच्या कारागिराने जाणूनबुजून ठेवलेला असू शकतो, आणि त्याला चूक समजून १८३३ करणाऱ्याच्या हातून मशीन बंद पडतं. कॅबिनेट उघडून प्रोसेसरभोवतीच्या कॅपॅसिटरांची रांग आधी न बघता बायोसला हात लावणं हा निष्काळजीपणा आहे, असं स्पष्ट म्हणायला हवं.

हे कॅपॅसिटर बदलता येतात. पण त्याच मायक्रोफॅरडचा कुठलाही चालत नाही, कमी ईएसआरचा, म्हणजे कमी अंतर्गत रोधाचाच लागतो. शिवाय बोर्डाचे आतले तांब्याचे थर डाखणीची उष्णता ओढून घेतात, साधी डाखणी तिथे हतबल होते. घाईने ओढलेला पाय छिद्रातलं तांबं उखडून आणतो. वेळ आणि मजुरी धरली तर कामाची किंमत जुन्या मशीनच्या किमतीपुढे जाते, आणि अ‍ॅथलॉन ज्यावर बसतो तो सॉकेट एचा बोर्ड नवा मिळत नाही. मग जाणता कारागीर हार्ड डिस्कची प्रत आधी काढून घेतो, १३३ वर यंत्र तासन्‌तास चालवून पाहतो आणि गोठलं तर पुन्हा १०० वर आणतो. डोंगलवाल्या सॉफ्टवेअरला ११०० पुरतात. मालकाला त्याचं कारण सांगून, बायोसमधली सेटिंग कागदावर लिहून ती चिठ्ठी कॅबिनेटच्या आत चिकटवली, की पुढे सेल उतरला तरी दुसऱ्या माणसाला १०० कशासाठी ते कळतं.