यादवी, परचक्र आणि भूदास

'स्कॉटलंडचे स्वातंत्र्ययुद्ध' म्हटले की एका बाजूला स्कॉटिश, दुसऱ्या बाजूला इंग्रज, असे सरळ चित्र डोळ्यांसमोर येते. वस्तुस्थिती तशी नव्हती. परचक्राला वाट मिळाली ती घरच्या यादवीतून.

१२८६ मध्ये राजा तिसरा अलेक्झांडर अपघातात मेला. वारस असलेली नात १२९० मध्ये वारली. गादीवर तेराजणांनी हक्क सांगितला. निवाडा करायला इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड आला आणि निवाड्याआधीच त्याने आपले अधिराज्य दावेदारांकडून कबूल करून घेतले. १२९२ मध्ये त्याने जॉन बॅलिऑलला गादी दिली. १२९६ मध्ये बेरिक शहरात कत्तल करून ती हिसकावूनही घेतली. तेव्हा ब्रूस घराणे एडवर्डच्याच बाजूला होते.

१३०६ मध्ये रॉबर्ट ब्रूसने डम्फ्रीजच्या चर्चमध्ये बॅलिऑलचा भाचा जॉन कॉमिन याचा खून केला आणि काही आठवड्यांत तो राजा झाला. १३०८ मध्ये त्याने कॉमिन घराण्याचा बखन प्रांत जाळला. तिथली जळालेली घरे इंग्रजांची नव्हती. १३१४ मध्ये बॅनकबर्नला ब्रूस जिंकला. कॉमिनचा मुलगा इंग्रजांकडून लढत पडला. त्याच वर्षी शरण न आलेल्यांच्या जमिनी जप्त झाल्या. १३३२ मध्ये हे जमीन गमावलेले सरदार इंग्लंडहून सैन्य घेऊन परतले. यादवी पुन्हा परचक्र होऊन आली.

१३२० मध्ये आर्ब्रोथहून पोपला गेलेले पत्र स्वातंत्र्याचा जाहीरनामा म्हणून गाजते. त्यात ३९ उमरावांची नावे आहेत. 'राज्यातील सर्व समाज' असाही उल्लेख आहे. पण या समाजात भूदास होता काय? जमिनीबरोबर त्याचेही दान होत असे. डनफर्मलिनच्या मठाने आपल्या भूदासांच्या वंशावळी दफ्तरात लिहून ठेवल्या होत्या. त्या त्यांच्या गौरवासाठी नव्हत्या, मालकी सिद्ध करण्यासाठी होत्या.

चौदाव्या शतकात ही भूदासप्रथा स्कॉटलंडमधून नाहीशी झाली. ती कोणा राजाच्या विजयाने गेली नाही. १३४९-५० च्या महामारीनंतर राबणारे हात कमी पडले, त्यांची किंमत वाढली, हे त्यामागचे एक मोठे कारण होते.

रॉबर्ट ब्रूस १३२९ मध्ये मेला. त्याला पुरले ते याच डनफर्मलिनच्या मठात. त्याची कबर आज जग पाहते. त्या वंशावळींतली माणसे कुठे पुरली, याची खूण नाही. स्वातंत्र्ययुद्धाचा इतिहास वाचताना म्हणून दोन प्रश्न विचारावे लागतात : जमीन कोणाकडून कोणाकडे गेली? आणि ती कसणारा कुठे राहिला?