गोळी सोडली अन् इसब उठला

धाराशिव जिल्ह्यात वयस्कर माणसाच्या इसबाची गोष्ट सहसा त्वचारोगतज्ज्ञाकडे सुरू होत नाही, मेडिकलच्या काउंटरवर सुरू होते. आधी एक मलम, मग ‘जरा कडक’ मलम, मग एखादं इंजेक्शन आणि शेवटी रोज सकाळी एक बारीक गोळी. खाज थांबते, झोप लागते, भूकसुद्धा वाढते. दोनेक वर्षांत साखर चढते, तोंड सुजतं, हाताला जरा काही लागलं तरी निळं पडतं. मग कुणीतरी गोळीचं पाकीट वाचून सांगतं की हे स्टिरॉईड आहे. पुण्यातला मुलगा फोनवर चिडतो आणि गोळी त्याच दिवशी उकिरड्यावर जाते. इतकी वर्षं गोळी घेतल्याने झालं नसेल असं नुकसान या एका दिवसात होऊ शकतं.

“वाईट औषध आहे ना? मग आजच बंद करा.”

मुळात हे विष नव्हे. 1948 साली संधिवाताने जखडलेल्या एका रुग्ण महिलेला कॉर्टिसोन हे स्टिरॉईड दिलं गेलं आणि काही दिवसांत ती चालूफिरू लागली. दोनच वर्षांनी या कामासाठी हेन्च, केंडॉल आणि राइशस्टाइन यांना नोबेल मिळालं. आपलं शरीर असंच स्टिरॉईड, म्हणजे कॉर्टिसोल, रोज स्वतः बनवतं. मूत्रपिंडांच्या माथ्यावरच्या दोन ॲड्रिनल ग्रंथींचं हे काम. रोजचं उत्पादन प्रेडनिसोलोन या स्टिरॉईडच्या गोळीच्या हिशेबात साधारण 4 ते 6 मिलिग्रॅमइतकं भरतं. रक्तदाब, साखर, आजारपण पेलण्याची ताकद, सगळं त्यावर चालतं.

बाहेरून तीन-चार आठवड्यांपेक्षा जास्त काळ मोठा डोस मिळत राहिला की या ग्रंथी थंडावतात. गावात रोज टँकर येऊ लागला की आडाकडे कोण बघतो? गाळ साचत जातो. टँकर एकदम बंद झाला तर आडाला पाणी लागायला वेळ लागतो. ग्रंथींना तो वेळ कधी काही आठवडे, कधी काही महिने, तर काही जणांत वर्षभरही लागतो. मधल्या काळात माणसाला गळल्यासारखं होतं, अन्नावरची वासना उडते, मळमळतं, उठताना चक्कर येते, अंग दुखतं. आपल्याकडे मे महिन्यात असं झालं तर ‘ऊन लागलं’ म्हणून कांद्याचा रस पाजतात. स्टिरॉईड अलीकडेच सोडलेल्या माणसाला उलट्या, ग्लानी आणि रक्तदाब उतरणं सुरू झालं, तर घरगुती उपायांत वेळ घालवू नये. दवाखान्यात नेऊन ‘हे इतकी वर्षं स्टिरॉईड घेत होते’ हे पहिलं वाक्य सांगावं. हायड्रोकॉर्टिसोनचं इंजेक्शन वेळेवर मिळालं तर जीव वाचतो.

म्हणून डोस उतरवत आणतात. वरचे टप्पे बऱ्यापैकी लवकर उतरता येतात, पण शेवटच्या 5 मिलिग्रॅमच्या आसपास चाल सर्वांत धीमी ठेवावी लागते, कारण तिथून पुढे शरीराने स्वतःचं कॉर्टिसोल बनवायचं असतं. नेमका याच टप्प्यावर ‘आता काय, अर्धीच तर गोळी उरली’ म्हणून लोक सोडून देतात. गरज वाटली तर डॉक्टर सकाळी आठ-नऊच्या सुमाराचं रक्त घेऊन कॉर्टिसोल तपासतात. उतरणीच्या काळात मोठा ताप आला, पडून हाड मोडलं किंवा मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं, तर डोस तात्पुरता वाढवावा लागू शकतो. ऑपरेशन शिबिरात असलं तरी नाव नोंदवतानाच हे सांगून ठेवावं.

“गोळी कमी केली की अंग उठतं, म्हणजे गोळीशिवाय आपलं भागणार नाही.”

गोळीने इसब बरा झालेला नसतो, झाकलेला असतो. झाकण काढलं की तो वर येतो, कधी पहिल्यापेक्षा जोरात. त्यामुळे नुसता डोस उतरवून चालत नाही, झाकणाखाली काय आहे ते शोधावं लागतं. माझ्या मते आपल्याकडे सर्वांत जास्त चुकतं ते इथं.

आपल्या भागात त्या झाकणाखाली अनेकदा गाजर गवत निघतं. काँग्रेस गवत म्हणा हवं तर. 1950च्या दशकाच्या मध्यात पुण्यात त्याची भारतातली पहिली ठळक नोंद झाली. अमेरिकी गव्हाबरोबर ते आलं असं मानलं जातं. 1970च्या दशकात त्यापासून होणाऱ्या त्वचारोगाची वर्णनं वैद्यकीय नियतकालिकांत येऊ लागली. आज उमरग्याच्या रस्त्याकडेला, परंड्याच्या पडीक रानात, कळंबच्या बांधावर, कुठेही पाहा, पांढरी बारीक फुलं डोलतात. त्यातलं पार्थेनिन हे द्रव्य वाळलेल्या पानाफुलांच्या धुळीबरोबर हवेतून अंगावर बसतं. म्हणून हा इसब उघड्या अंगावर दिसतो: पापण्या, मान, कानामागं, कोपराची खोबण. वर्षानुवर्षं शेतात राबलेल्या वयस्क पुरुषांत तो अधिक आढळतो आणि पावसाळ्यात, गवत माजलं की बळावतो. पुढे पुढे नुसत्या उन्हानेही भडकू लागतो.

‘मी तर गवताला हातही लावत नाही’ हे इथं उत्तर होत नाही, वारा लावतो. सूर्यफूल, करडई, शेवंती ही त्याच कुळातली, त्यामुळे काहींना त्यांचाही त्रास होतो. निदानासाठी पाठीवर पट्ट्या चिकटवून पॅच टेस्ट करतात. भारतातल्या नेहमीच्या चाचणी संचात पार्थेनियम असतंच. धाराशिवला आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, सोलापूर आणि लातूरला आधीपासून आहे. तिथल्या त्वचा विभागात चौकशी करावी. गवत उपटायचं काम मात्र घरातल्या दुसऱ्या कुणी, फुलोऱ्याआधी, हातमोजे घालून करावं. रुग्णाने करू नये. शेतात जायचंच तर पूर्ण बाह्या, कानावरून रुमाल, आणि घरी आल्यावर आधी अंघोळ.

“इसब दाबला की दमा उठतो.”

ही समजूत जुनी आणि चिवट आहे, कारण तिच्यात डोळ्यांनी पाहिलेलं काहीतरी आहे. इसब आणि दमा हे एकाच ॲलर्जीच्या प्रवृत्तीचे भाऊबंद असू शकतात. स्टिरॉईडची गोळी दोघांनाही दाबून ठेवते. ती अचानक सुटली की कातडीही पेटते आणि छातीही. लोकांना वाटतं, रोग आत गेला. तो आतबाहेर कुठंच गेलेला नसतो. दम लागत असेल तर इसब ‘बाहेर पडू’ द्यायचा नसतो, दम्याचा इन्हेलर व्यवस्थित चालू ठेवायचा असतो.

“बोअरच्या पाण्यानं झालं.”

अर्धं खरं. जड पाण्यात साबणाचा फेस होत नाही, म्हणून माणूस जास्त घासतो आणि साबणाचा थर कातडीवर राहतो. वयानुसार कातडीतलं तेल आधीच आटलेलं असतं, त्यामुळे थंडीत नडग्यांवर वाळक्या तळ्यासारख्या भेगा पडतात. पण इंग्लंडमध्ये इसब असलेल्या मुलांच्या घरी पाणी मऊ करणारं यंत्र बसवून चाचणी घेतली, तेव्हा नेहमीच्या उपचारांपेक्षा जास्त फायदा दिसला नाही. तेव्हा यंत्राचे पैसे वाचवा. साबण काखा-जांघांपुरता ठेवा, पाणी कोमट घ्या, दगडाने अंग घासू नका, डेटॉल तर नकोच. अंग टिपून ओलसर असतानाच पेट्रोलियम जेली किंवा खोबरेल तेल लावा, तेही सढळ हाताने. मात्र अशा मलमांनी भिजलेलं लुगडं किंवा धोतर चटकन पेट घेतं, म्हणून चुलीपुढे बसताना जपून.

“मलम बाहेरून लावतो, त्याचं काय होतंय?”

क्लोबेटासोलसारखं कडक मलम आठवड्याला 50 ग्रॅमपेक्षा जास्त वापरायचं नसतं. ते कातडीतून रक्तात जातं आणि ग्रंथींवर गोळीसारखाच परिणाम करू शकतं. उलट टोकाला, स्टिरॉईडच्या भीतीने मोहरीएवढं मलम चोळणारे लोकही आहेत, आणि त्यांचा इसब कधीच आटोक्यात येत नाही. माप सोपं आहे: बोटाच्या शेवटच्या पेराएवढी मलमाची रेघ, म्हणजे सुमारे अर्धा ग्रॅम, ती बोटांसकट दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरते. स्टिरॉईड, बुरशीनाशक आणि अँटिबायोटिक एकत्र असलेली ‘सगळ्यावर चालणारी’ मलमं गजकर्णावर लावली की खाज थांबते आणि बुरशी पसरते. 2018 मध्ये केंद्र सरकारने 14 स्टिरॉईड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी घातली, तरी काउंटरवर मागणी तीच आहे.

बिनलेबलच्या ‘झाडपाल्याच्या’ पुड्यांबद्दल एवढंच: दोन दिवसांत गुडघेदुखी आणि खाज दोन्ही थांबत असतील तर पुडीत डेक्सामेथासोन हे स्टिरॉईड असल्याचा संशय घ्यावा. अशी भेसळ तपासण्यांत अनेकदा सापडली आहे. वर्ष-वर्ष पुडी घेणाऱ्यानेही ती एकदम सोडू नये, पुडी घेऊन डॉक्टरांकडे जावं.

“नवरात्राचा उपास आहे, नऊ दिवस गोळ्या नकोत.”

तुळजापूरच्या आसपास हे दरवर्षी घडतं. इतर काही औषधं एखाद्या दिवशी चुकली तर चालतं, स्टिरॉईडचं तसं नाही. उपासाचं खाऊन का होईना, सकाळची गोळी घ्यावीच. रिकाम्या पोटी स्टिरॉईड आणि त्यावर गुडघ्यासाठी दुखणं कमी करणारी गोळी, असं एकत्र घेतलं तर जठरात व्रण होऊन रक्तस्राव होऊ शकतो.

“स्टिरॉईड बंद करायला आणखी कडक औषध? नको बाबा.”

गाजर गवताच्या इसबात ॲझाथायोप्रिन भारतात बरीच वर्षं वापरात आहे. इतर इसबांत मेथोट्रेक्सेटही देतात. दोन्हींचा गुण यायला दीड-दोन महिने लागतात, म्हणून ती स्टिरॉईड उतरवण्याआधी सुरू करतात. रक्त तपासत राहावं लागतं, आणि वय पाहता मूत्रपिंड-यकृतही. मेथोट्रेक्सेटबाबत एक धोका वेगळा सांगायला हवा. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोजच्या गोळ्यांच्या सवयीने ती रोज घेतली गेली तर तोंडात फोड येतात, रक्तातल्या पेशी घटतात, आणि त्यात माणसं दगावलेली आहेत. म्हणून ही गोळी बीपीच्या गोळ्यांच्या डब्यात ठेवू नये. वेगळ्या डबीवर ठळक अक्षरात वार लिहून ती घरातल्या वाचता येणाऱ्या एकाच माणसाच्या ताब्यात द्यावी.